चष्मा घालवायचाय? आधी डोळे चोळणं थांबव

ताई,
मी 24 वर्षांची, मूळची सांगलीची, नोकरीसाठी पुण्यात. सातवीपासून चष्मा आहे. आता उजव्या डोळ्याचा नंबर मायनस साडेसहा, डाव्याचा सात, दोन्हींत सव्वाचा सिलिंडर. ऑफिसला जाताना रोज कॉन्टॅक्ट लेन्स घालते. गेल्या महिन्यात तीन ठिकाणी डोळे दाखवले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, लेसिक करू, दोन्ही डोळ्यांचे मिळून 45 हजार, महिनाअखेरपर्यंत ऑफर आहे. दुसरीकडे म्हणाले, स्माईलच करा, ब्लेड नाही, पापुद्रा नाही, 95 हजार. तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की कॉर्निया पातळ आहे, 498 मायक्रॉन, लेसर नकोच, डोळ्यात लेन्स बसवू. खर्च अडीच लाख. आम्ही पार चक्रावलोय. आईला वैशाखात माझं लग्न उरकायचंय आणि त्याआधी चष्मा गेलेला हवाय, कारण दोन स्थळांकडून ‘मुलीचा नंबर जास्त आहे’ असा निरोप आला. बाबा म्हणतात, लेसरने डोळा जळतो आणि चाळिशीनंतर दिसायचं बंद होतं. मला स्वतःला चष्म्याचा खरंच वीट आलाय. तिघांपैकी कोणाचं ऐकू? गेल्या वर्षी नंबर अर्ध्याने वाढला होता. आणि उन्हाळ्यात डोळे फार खाजतात, चोळून चोळून लाल होतात, पण ते लहानपणापासूनच आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.
– अ., पुणे

प्रिय अ.,

संबंध आहे. शेवटची दोन वाक्यं तू जाता जाता लिहिलीस, पण माझं सगळं उत्तर त्यांच्यावरच बेतलेलं आहे. म्हणून निकाल आधीच सांगते: या वैशाखाच्या आधी डोळ्यांवर कुठलीही शस्त्रक्रिया करून घेऊ नकोस. 45 हजारांची नको आणि अडीच लाखांचीही नको. तिघांपैकी तिसऱ्या डॉक्टरांचं गणित मला पटतं, पण घाई त्यांनाही करू देऊ नकोस. आता का ते सांगते. जरा लांबण लागेल, कारण तुम्हाला तिन्हीकडे ‘काय करायचं’ ते सांगितलंय, ‘का’ ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबीला जास्त वाढलेला. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. त्यात एक मिलिमीटरची वाढ म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर. तुझा डोळा बहुधा 26 च्या आसपास असेल. प्रकाश मागच्या पडद्यावर पोचायच्या आधीच एकवटतो आणि लांबचं धूसर दिसतं. कुठलाही लेसर हा वाढलेला गोळा आखूड करत नाही. तो फक्त पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, मधोमध थोडा घासून चपटा करतो, म्हणजे प्रकाश नेमका पडद्यावर पडतो. घासायचं म्हणजे तिथला काही भाग कायमचा काढून टाकायचा. तो परत भरून येत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा की आपल्याकडे काढण्याइतकं आहे का.

तुझ्या डाव्या डोळ्याचा हिशोब मांडू. सात आणि सिलिंडरचे, म्हणजे कॉर्नियाच्या असमान गोलाईचे, सव्वा मिळून एका दिशेला सव्वाआठ नंबर घालवायचा आहे. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या जागेवर काम केलं तर एका नंबरामागे सुमारे 14 ते 15 मायक्रॉन जातात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे 120 च्या आसपास. लेसिकमध्ये त्याआधी वरचा एक पापुद्रा उचलावा लागतो, 110 मायक्रॉनचा धरू. तो काम झाल्यावर परत जागेवर बसवतात खरा, पण डोळ्याला ताकद देण्याच्या कामी तो पुन्हा पहिल्यासारखा येत नाही. 498 मधून 110 गेले, 120 गेले, उरले 268. पुस्तकातली किमान मर्यादा 250 ची आहे, त्यामुळे पहिल्या ठिकाणी ‘बसतंय’ म्हणाले असतील. पण हल्ली बरेच सर्जन 280 ते 300 च्या खाली जायला राजी नसतात. शिवाय दुसरंही एक माप बघतात: पापुद्रा आणि घासलेला भाग मिळून एकूण जाडीच्या किती टक्के होतात. 40 च्या वर गेलं की पुढे कॉर्निया कमकुवत होऊन फुगण्याचा धोका वाढतो. तुझे होतात 46. आणि समजा दोन वर्षांनी पाऊण नंबर परत आला, तर दुसऱ्यांदा लेसर करायला तिथे काही शिल्लकच नाही.

स्माईलचं काय? तिथे पापुद्रा उचलत नाहीत. फेमटोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक पातळ चकती कापतो आणि सर्जन दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ती चिमट्याने ओढून बाहेर काढतो. पद्धत चांगली आहे, यात वाद नाही. लेसिकचा काप जवळजवळ पूर्ण गोल फिरतो, म्हणजे घेर सुमारे 20 मिलिमीटर. त्यात पृष्ठभागाजवळच्या नसा कापल्या जातात आणि डोळे कोरडे पडतात. स्माईलमध्ये त्या कमी कापल्या जातात, कोरडेपणा निदान पहिले काही महिने कमी जाणवतो, आणि पापुद्राच नसल्यामुळे तो सरकायची भीतीही नाही. पण तुझ्यासाठी अडचण वेगळीच आहे. ही चकती कॉर्नियाच्या वरच्या थराखाली, 120 मायक्रॉनवर वगैरे कापतात, आणि तुझ्या नंबराची चकती 135 ते 140 मायक्रॉन जाडीची निघेल. 498 मधून हे दोन्ही वजा कर. 240 च्या आसपास उरतात. वरच्या थराच्या नसा आणि धागे शाबूत राहतात म्हणून इथले आकडे लेसिकइतके काटेकोर लावू नयेत असा एक मतप्रवाह आहे. असू दे. 240 वर मी माझ्या घरच्या माणसाची शस्त्रक्रिया करणार नाही.

चौथी वाट तुला कोणी सांगितली नाही, तीही लिहून टाकते. पीआरके, किंवा हल्ली स्पर्श न करता होते तेव्हा तिला ट्रान्स-पीआरके म्हणतात. पापुद्रा नाही, चकती नाही. फक्त सगळ्यात वरची पन्नासेक मायक्रॉनची नाजूक त्वचा काढायची आणि थेट घासायचं. ती त्वचा चार-पाच दिवसांत नवी येते. लेसरच्या पद्धतींतली ही सगळ्यात जुनी, आणि पातळ कॉर्नियाला सगळ्यात कमी जाचक. पहिले तीन दिवस मात्र डोळ्यात मिरची गेल्यासारखं होतं, बँडेज लेन्स घालून अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं, आणि नजर नीट बसायला काही आठवडे जातात. तीन-चार नंबर असता तर मी हीच सुचवली असती. सव्वाआठ घालवताना डोळ्यावर धूसर साका धरण्याची शक्यता वाढते. मायटोमायसिनचं औषध लावून ती बरीच कमी करता येते, पण माझ्या मते तुझ्यासाठी हा पहिल्या पसंतीचा मार्ग नव्हे.

आता खाज.

498 हा आकडा एकटा वाईट नाही. सरासरी 540 च्या आसपास सांगतात, पण आपल्याकडच्या माणसांचे कॉर्निया त्याहून थोडे पातळ असणं नवीन नाही, आणि 498 घेऊन लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. पण पातळ कॉर्निया, सिलिंडरचा नंबर, चोविसाव्या वर्षी अजून वाढणारा नंबर आणि लहानपणापासून डोळे चोळायची सवय, ही चार माणसं एकाच बाकावर बसलेली दिसली की डोळ्यांचा डॉक्टर सावध होतो. केरॅटोकोनस नावाचा आजार आहे. कॉर्नियाचे धागे सैल पडतात आणि आतल्या दाबाने तो मधल्या किंवा खालच्या भागात पुढे येऊ लागतो, सायकलच्या झिजलेल्या टायरमधून ट्यूब फुगून बाहेर येते तसा. बहुतेकांना वयात येताना सुरू होतो आणि तिशी-पस्तिशीपर्यंत वाढत राहतो. अ‍ॅलर्जीची खाज आणि रगडून डोळे चोळणं हे त्याचे जुने सोबती. आपल्याकडचा धुळीचा, कोरडा उन्हाळा अशा डोळ्यांना अजिबात सोसत नाही. तुला तो आहे असं मी म्हणत नाही. पण अशा डोळ्यावर, आजार अजून लपलेला असताना, लेसर करून उरलीसुरली जाडी काढली तर तो झपाट्याने उघडा पडतो. मग चष्मा लागतोच, वर चष्म्याने नीट दिसतही नाही, कडक लेन्स किंवा सीथ्रीआर, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करायची प्रक्रिया, करावी लागते, आणि हाताबाहेर गेलं तर कॉर्निया बदलण्यापर्यंत वेळ येते. म्हणून ‘लेसर कोणता’ या प्रश्नाच्या आधी ‘हा डोळा लेसरचा आहे का’ हा प्रश्न येतो.

त्यासाठी टोपोग्राफी लागते, पेंटाकॅम किंवा तशाच यंत्रावर. रंगीत नकाशांचं एक पान निघतं: निळा, हिरवा, पिवळा, लाल. त्यात कॉर्नियाचा पुढचाच नाही, मागचाही पृष्ठभाग बघायचा असतो, कारण आजाराची सुरुवात बरेचदा मागच्या बाजूला आधी दिसते. सगळ्यात पातळ जागा मधोमध आहे की खाली सरकलीय तेही त्याच पानावर कळतं. तिन्ही ठिकाणचे हे कागद माग. ते तुझे आहेत, आणि मागायला लाजायचं काही कारण नाही.

आणि हे सांग, तपासणीला गेलीस त्या सकाळपर्यंत लेन्स घातल्या होत्यास का? तुझ्या पत्रावरून तरी तसंच वाटतं. मऊ लेन्ससुद्धा कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलते. तपासणीआधी निदान एक ते दोन आठवडे मऊ लेन्स बंद हवी, कडक असेल तर तीन-चार आठवडे. ते पाळलं नसेल तर तुझे तिन्ही कागद अर्धवट भरवशाचे. नंबर, सिलिंडर, नकाशे, सगळंच पुन्हा करावं लागेल. तिघांपैकी एकानेही हे आधी सांगितलं नसेल तर मला नवल वाटणार नाही, पण बरंही वाटणार नाही.

म्हणून येत्या महिन्यांत करायचं ते हे. खाजेवर नीट उपचार घे. थंड पाण्याच्या घड्या, बाहेर पडताना चष्मा किंवा गॉगल, डॉक्टरने दिलेले अ‍ॅलर्जीचे थेंब, आणि ते खाज सुटल्यावर नव्हे, तर हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून. मेडिकलवाल्याने ‘हे टाका, लगेच थांबेल’ म्हणून हातात ठेवलेले थेंब बहुतेक वेळा स्टेरॉइडचे असतात. खाज खरंच लगेच थांबते, म्हणून माणूस महिनोन् महिने टाकत राहतो, आणि मग विशीतच काचबिंदू नाहीतर मोतीबिंदू घेऊन येतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय टाकायचे नाहीत. लेन्सचे तासही कमी कर, अ‍ॅलर्जीच्या दिवसांत तर पूर्ण बंद. आणि चोळणं थांबव. झोपेत हात जातो, लॅपटॉपवरून उठलं की जातो, हे मला माहीत आहे. बोटं वळवून हाडाने रगडायची सवय असेल तर तीच सगळ्यात वाईट. मग सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने नंबर आणि टोपोग्राफी. वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त हलला नाही आणि नकाशे तसेच राहिले, तर पुढचं बोलू. नकाशे बदलले, तर चष्मा घालवायचा विषय बाजूला ठेवून आधी ते थांबवायचं. वेळेत सापडलं तर सीथ्रीआरने बहुतेकांचं थांबतं.

सगळं स्थिर निघालं तर तुझ्यासाठी मला डोळ्यात बसवायची लेन्सच योग्य वाटते, ज्याला सगळे आयसीएल म्हणतात. कोलॅमर नावाच्या मऊ पदार्थाची ही लेन्स तीनेक मिलिमीटरच्या छेदातून आत सोडतात. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मागे आणि आपल्या मूळ भिंगाच्या पुढे ती उलगडते. सिलिंडरची वेगळी मिळते. कॉर्नियाला हात लावायचा नसल्यामुळे 498 चा प्रश्नच येत नाही, मोठ्या नंबरात नजर लेसरपेक्षा स्वच्छ येते, आणि उद्या काही बिनसलं तर काढता येते. लेसरने घासलेलं परत मिळत नाही, हा मोठाच फरक.

पण तीही सगळ्यांना बसत नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली किमान 2.8 मिलिमीटर हवी, काही सर्जन तीनचा आग्रह धरतात. कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजाव्या लागतात, कारण त्या कमी झाल्या की परत तयार होत नाहीत. लेन्सचं माप चुकलं तर ती मूळ भिंगाच्या फार जवळ किंवा फार दूर बसते. जवळ बसली तर मोतीबिंदूची भीती, दूर बसली तर डोळ्यातला दाब वाढायची. सिलिंडरची लेन्स आत फिरू शकते, मग पुन्हा आत जाऊन सरळ करावी लागते. शिवाय ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर. आणि दरवर्षी पेशी आणि दाब तपासायला जावंच लागतं. एकदा करून सुटलो असं नाही. अडीच लाखांत काय काय आलं ते विचार: कुठल्या कंपनीची लेन्स, माप चुकल्यास बदलून द्यायचा खर्च कोणाचा, पहिल्या वर्षाच्या तपासण्या धरल्यात का. भारतात बनणाऱ्या अशा लेन्सही आहेत, त्या स्वस्त पडतात. त्यांचा अनुभव त्या सर्जनला किती आहे हेही विचार.

बाबांना हे वाचून दाखव. लेसरने डोळा जळत नाही. 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे आपल्या मद्रासचे शास्त्रज्ञ काम करत होते. सणाच्या जेवणात उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसर मारून पाहिला. आजूबाजूला न जळता, न काळवंडता स्वच्छ खाच पडली. 193 नॅनोमीटरचा हा अतिनील किरण भाजत नाही, तो रेणूंमधले बंधच तोडतो आणि प्रत्येक ठोक्याला मायक्रॉनचाही अंश उडवतो. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो उचलला, त्यातून आधी पीआरके आणि मग लेसिक आलं. टेबलावर प्रत्यक्षात काय होतं तेही बाबांना सांग: सुन्न करायचे थेंब टाकतात, पापण्या उघड्या ठेवणारी तार लावतात, पापुद्रा कापताना डोळ्यावर कडं दाबून बसवतात आणि तेवढे काही सेकंद सगळं अंधारतं. त्या अंधाराने माणसं घाबरतात, आधी सांगितलेलं असलं तर घाबरत नाहीत. मग लुकलुकत्या दिव्याकडे बघत राहायचं, वर टकटक आवाज चालू, आणि केस जळल्यासारखा वास येतो. ‘डोळा जळतो’ हे बहुधा त्या वासावरूनच पसरलं असावं. लेसरचं काम एका डोळ्यासाठी मिनिटभराच्या आतबाहेर.

चाळिशीचं मात्र बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत, फक्त भलतीकडे जातात. दिसायचं बंद होत नाही. पण चाळिशी सगळ्यांना लागते, नंबर घालवलेल्यांनाही. उलट मायनस नंबरवाली माणसं चष्मा काढून पेपर वाचतात, ती सोय जाते आणि वाचायचा चष्मा येतो. लेसर करा की लेन्स बसवा, हे टळत नाही. दुसरं, पुढे कधी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होईल तेव्हा भिंगाचा नंबर काढायला तुझे लेसरआधीचे कागद लागतील, नाहीतर हिशोब चुकतो. आयसीएल केली तर ही अडचण येत नाही, ती काढूनच मोतीबिंदू करतात. पण जे काही कराल त्याच्या आधीचे सगळे कागद जपून ठेवा. आणि तिसरं, हे बाबांनाही माहीत नसेल: नंबर गेला तरी डोळा आतून लांबच राहतो. लांबलेल्या डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला, काठाला पातळ असतो, कधी त्याला छिद्रं असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करून पडदा काठापर्यंत तपासायला हवा, आणि पुढेही दरवर्षी. एकदम काजवे चमकायला लागले, काळे ठिपके तरंगायला लागले, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे. चष्मा गेला म्हणून माणसं ही तपासणी विसरतात, आणि नेमकं तिथेच फसतात.

रोजच्या वापरातल्या तक्रारीही ऐकून ठेव. लेसरनंतर पहिले काही महिने डोळे कोरडे वाटतात. एसीत बसून दहा तास स्क्रीन बघणाऱ्याला जास्तच, आणि ज्यांना आधीपासून अ‍ॅलर्जी आहे त्यांना त्याहून जास्त. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांची कमी होतात, काहींची राहतात. आयसीएलमध्येही वलयं दिसतात. तू रात्री पुणे-सांगली गाडी चालवत असशील तर सर्जनला हे आधीच सांग.

आता आईचं. आई, तुम्हीही वाचत असाल असं धरून लिहिते. मुलीचा चष्मा नको म्हणणारं स्थळ तुमच्याकडे पुन्हा येईल तेव्हा शस्त्रक्रिया झालेली असली, तरी नंबर होता हे सांगावंच लागेल. पुढच्या पिढीला मायनस नंबर येण्याची शक्यता मुलीच्या डोळ्यातल्या लेन्सने बदलत नाही, आणि लग्नानंतर कधीतरी जुना फोटो निघतोच. तारीख लग्नाची ठरू दे, डोळ्यांची तिच्यामागे नको. आणि लग्नानंतर, मूल झाल्यावर हे करता येत नाही असा समज असेल तर तो काढून टाका. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना करत नाहीत, कारण त्या दिवसांत नंबर हलतो. पाजणं थांबून काही महिने झाले की खुशाल करता येतं. आत्ता केलं नाही तर कधीच नाही, असं काही नसतं. समारंभापुरत्या रोज टाकून द्यायच्या लेन्स मिळतात, खाज नसेल त्या दिवशी त्या घालून हळदीपासून रिसेप्शनपर्यंत सगळं होतं.

महिनाअखेरच्या ऑफरबद्दल मी एवढंच म्हणेन की ती पुढच्या महिन्यातही असेल.

विम्याचं तू विचारलं नाहीस, पण अडीच लाखांचा आकडा बघून घरात तो विषय निघेलच. आरोग्यविम्याच्या पॉलिसींमध्ये साडेसात नंबरापेक्षा कमी असलेला दृष्टिदोष वगळलेला असतो. सिलिंडर सोडला तर तू सातवर आहेस, म्हणजे थोडक्यात बाहेर. ‘कागदावर साडेसात दाखवून देतो’ असं कोणी सुचवलं तर तिथून उठून ये. जो माणूस विमा कंपनीला खोटा नंबर देतो, त्याने तुला दिलेले बाकीचे आकडे तरी खरे कशावरून? आणि या सदरात भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची पत्रं कायम येतात, त्यांच्यासाठी एक ओळ: रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत लेसर झालेला उमेदवार चालत नाही, सैन्यदलांत शाखेप्रमाणे नियम वेगळे आहेत. जाहिरातीतला वैद्यकीय भाग वाचल्याशिवाय लेसरच्या टेबलावर चढू नका.

चष्म्याचा वीट आलाय म्हणतेस, तो खोटा नाही. साडेसहा-सात नंबर घेऊन सकाळी उशाशी चष्मा चाचपडणं काय असतं ते मी रोज ऐकते. दरम्यान निदान चष्मा तरी चांगला करून घे. जास्त इंडेक्सची, म्हणजे त्याच नंबराला पातळ बनणारी काच आणि लहान, गोलसर फ्रेम घेतलीस तर काठाची जाडी निम्म्यासारखी दिसते. मोठ्या चौकोनी फ्रेमची फॅशन या नंबरासाठी नाही.

पुढच्या तपासणीची वेळ घेताना चौथं ठिकाण निवड, जिथे लेसिक, पीआरके आणि आयसीएल तिन्ही होतं. ज्याच्याकडे एकच यंत्र असतं त्याला प्रत्येक डोळा त्याच यंत्राचा वाटतो. कॉर्नियाचा तज्ज्ञ असला तर उत्तम. लेन्स दोन आठवडे बंद ठेवून जा. चष्म्याचे जुने नंबर सापडतील तितके ने; गेल्या तीन-चार वर्षांचे असले तर नंबर कसा वाढत गेला ते कळेल. कागद घरात सापडले नाहीत तर चष्मेवाल्याकडे नोंद असते. खाजेचं स्वतःहून सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. बाहुली मोठी करतील, त्यामुळे चार-पाच तास जवळचं धूसर दिसेल आणि ऊन सहन होणार नाही. गॉगल ने, स्कूटर नेऊ नकोस, आणि त्या दिवशी दुपारी ऑफिसची मीटिंग ठेवू नकोस.